जुम्म्याची सुट्टी आणि शनिवारचा ताप

"जोरात बोल, गणपत. जोरात. कानात मंत्र दिल्यावाणी काय कुजबुजून राह्यलास?"

मॅनेजरसाहेब कापसाच्या जिनाच्या दारात उभे राहून ओरडत होते. आत सरकी काढायची वीस मशिनं धडधडत होती, मागच्या खोलीत इंजन, आणि कोपऱ्यात त्याच हंगामात आलेलं, कपाशी झोडपून कचरा काढणारं नवं धूड. वाटूरकडच्या कपाशीच्या गाड्या आवारात येऊन थांबल्या होत्या. कोणती गाडी आधी आत घ्यायची, एवढंच साहेबांना माझ्याकडून ऐकायचं होतं. मी तोंड उघडलं. आवाज निघाला तो आमच्या घरच्या मांजरीच्या पिलाचा.

हे केवढं मोठं झालं ते सांगितल्याशिवाय कळणार नाही. जालन्याच्या त्या जिनात मला जमादार केलं ते अक्कल पाहून नव्हे, गळा पाहून. इंजन चालू असताना वीसही मशिनींवरच्या बायांना एका दमात ऐकू जाईल असा गळा गावात एकच होता. मी "कपाशी सरकवा" म्हणालो की तिकडे स्टेशनात मालगाडी हलायची. गार्डाला वाटायचं, शिट्टी झाली. हे मी म्हणत नाही, गार्ड म्हणायचा. त्याची आता बदली झाली, म्हणून तुम्हाला विचारता येणार नाही.

त्या गळ्यातून त्या दिवशी वारा निघेना. छातीवर कुणी कापसाची दाबलेली गठाण आणून ठेवली होती आणि तिच्यावर बसून पान खात होतं. मी साहेबांना दोन बोटं दाखवली, म्हणजे दुसरी गाडी, आणि भिंतीला पाठ लावून हळूच खाली घसरलो.

तो दिवस कोणत्या वाराचा होता ते सांगत नाही. तेव्हा आमचे सगळे वार सारखेच झाले होते. आणि ते सारखे करणारा मीच होतो.

आधी शनी

आमच्या निजाम सरकारच्या मुलखात सुट्टी जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची. जिनाचं इंजन गुरुवारी संध्याकाळी थंड व्हायचं आणि शनिवारी सकाळी पेटायचं. जर्मनची लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी, ज्या हंगामात ते झोडपायचं मशीन आलं, त्या हंगामात एक नवल सुरू झालं. शनिवारी सकाळी मी घोड्यासारखा कामावर जायचो. दुपार कलली की छाती आवळायची, कोरडा खोकला सुटायचा, आणि घरी येईपर्यंत अंग तापलेलं. रविवारी जरा कमी. सोमवारी म्हणाल तर काही नाही. पुन्हा शनिवारी ठरल्या वेळी हजर. आमच्या जिनात वेळेवर येणारा तेवढाच एक होता.

शनिवारचा ताप म्हटल्यावर कुणाचं नाव तोंडी येणार? मशिनीवरच्या निम्म्या बायांना तोच ताप, म्हणजे सगळ्या जिनालाच साडेसाती लागली असं ठरलं. मी मारुतीला हार घालायला सुरुवात केली, रुईच्या पानांचा, रीतीप्रमाणे. सात शनिवार घातला. सकाळी देवाला एक रुई वाहायची आणि दिवसभर दुसरी, कापसाची रुई नाकानं ओढायची. दोघींचं नाव एकच, आणि मी दिवसातून शंभरदा ते नाव घेत होतो. पण माझ्या डोक्यात उजेड पडायला दवाखान्याची खाट लागली.

मग माझी अक्कल

शनीमहाराज सुटले ते संक्रांतीमुळे. त्या साली संक्रांत मंगळवारी आली. साहेबांनी त्या दिवशी जीन बंद ठेवलं आणि बदल्यात जुम्म्याला चालवलं. ताप कधी आला? बुधवारी. आणि शनिवारी मी ठणठणीत.

आता कुणी साधा माणूस असता तर म्हणाला असता, तिळगूळ बाधला. पण मी विचार करणारा. दुपारी भाकरीच्या सुट्टीत लिंबाखाली सगळ्या बायांना बसवलं आणि सांगितलं, "हा शनी न्हाई. ज्या दिवशी आपण घरी बसतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी ताप येतो. म्हंजे आपल्याला सुट्टी बाधते."

एवढं सांगून थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण माझ्यापुढे चार माणसं बसली की मला थांबता येत नाही. मग मी घनसावंगीच्या पैलवानाची गोष्ट सांगितली. तो म्हणे वीस वर्षं रोज कुस्ती खेळला, एकच दिवस आराम केला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला लुगड्याच्या झोळीत घालून आणावं लागलं, एवढा वाळला. मग त्याच गावच्या बैलाची सांगितली. मग विहिरीच्या मोटेची सांगितली. बाया हसून लोळत होत्या. माझी बायको कौसा, तीही मशिनीवरच कामाला, तेवढी हसली नाही. ती पदरात खोकत होती.

लिंबाच्या मागे साहेबांच्या ऑफिसची खिडकी होती. खिडकी उघडी होती.

पुढच्याच जुम्म्याच्या आधी पाटीवर खडूनं लिहिलेलं दिसलं: कामगारांच्या तब्येतीचा विचार करून आठवड्याची सुट्टी बंद. साहेब मला म्हणाले, "जमादार, तू अडाणी असून जे डॉक्टरला कळलं नसतं ते तुला कळलं बघ."

आणि ऐका. शनिवारचा ताप गेला. एकदम गेला. निम्म्या जिनाचा गेला. बाया माझ्या नावानं बोटं मोडत होत्या, सुट्टी गेली म्हणून. आणि वर म्हणतही होत्या, माणूस खोटारडा आहे पण हे बराबर बोलला. मी महिनाभर जालन्यात धन्वंतरीसारखा फिरलो. लोक मला पोटदुखीवर औषध विचारायला लागले. मी सांगायलाही लागलो.

फक्त एक झालं. पूर्वी ताप यायचा आणि जायचा. आता दम लागायचा तो कुठे जाईना. आधी पायऱ्या चढताना, मग चपला घालताना, मग भाकरी चावताना. आणि एके दिवशी साहेब ओरडले, जोरात बोल.

वेगळा पेला

दवाखान्यात जायच्या आधी तीन दिवस मी घरीच पडून होतो. खोकला, ताप, वाळत चाललेलं अंग, हे सगळं एकत्र पाहिलं की आपल्याकडे माणूस एकच नाव घेतो, आणि तेही तोंडानं घेत नाही. कौसानं फक्त माझा पितळी पेला इतरांच्या रांगेतून उचलून खिडकीत वेगळा ठेवला.

मी त्या पेल्याकडे पाहत पडून राहिलो. आजारात मला भीती वाटली नाही असं मी गावभर सांगत असतो. इथे लिहितो ते खरं लिहितो: त्या पेल्याची मला जेवढी भीती वाटली तेवढी पुढे कशाचीच वाटली नाही. क्षय असेल तर नोकरी गेली, घर गेलं, आणि पोरीच्या लग्नात मांडवाबाहेर बसायचं.

शेवटी कौसाच म्हणाली, "अवो, असं पेल्याकडं बघून काय व्हणार हाय? दवाखान्यात चला. काय असंल ते तोंडावर तरी सांगतील."

डॉक्टर काय म्हणाले

दवाखान्यातले डॉक्टर हैदराबादकडचे. शांत माणूस. मी बोलायला लागलो की लोक पुढे सरकतात. हे मागे टेकून बसायचे. थुंकी काचेखाली पाहून त्यांनी दोन दिवसांनी सांगितलं की क्षय नाही. मी कौसाला म्हणालो, "पेला जागेवर ठेव." ती म्हणाली, "आधी त्यांना पुरतं बोलू द्या."

डॉक्टरांनी विचारलं, "काम कायका करते?"

"जिनात जमादार हाये, साहेब."

"बुखार कौनसे दिन आता था?"

"शनिवारी. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी. म्हणून मीच सुट्टी बंद करवली."

त्यांनी छातीची नळी कानातून काढली. "तुम करवाए?"

मग मी सगळं सांगितलं. शनी, संक्रांत, पैलवान. बैल गाळला, त्यांना घाई दिसली. ते हसले नाहीत. म्हणाले, "जिन में इंजन कौन चलाता?"

"रहीमचाचा."

"वो जुम्मे की सुट्टी लेता था?"

"एक वेळ इंजन बंद पडंल साहेब, पण चाचाचा जुम्मा चुकायचा न्हाई."

"उसको हफ्ते को बुखार आता था?" हफ्ता म्हणजे त्यांच्या बोलीत शनिवार.

"न्हाई."

"कभी?"

"कधीच न्हाई."

"सुट्टी तो वो भी खाया. फिर बीमार तुमीच कैसा?"

मी लगेच उत्तर दिलं, कारण उत्तर द्यायला मला कधीच वेळ लागत नाही. म्हणालो, "चाचाचं वेगळं हाये साहेब. त्याची खोली निराळी. तिथं रुई उडत न्हाई..." आणि वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या तोंडाचं दार आपोआप लागलं. जन्मात पहिल्यांदा.

डॉक्टर म्हणाले, दूर देशातल्या कापसाच्या गिरण्यांत हाच ताप सोमवारी येतो असं त्यांनी पुस्तकात वाचलंय, कारण तिकडे सुट्टी रविवारची. "वहां शनी महाराज पीर के दिन जाते क्या?" पीर म्हणजे त्यांचा सोमवार. एवढी एकच थट्टा त्यांनी केली. मग मला कळेल असं समजावलं. "छह दिन धूल का मार खा खाके छाती सुन्न पड़ जाती. जुम्मे को जागती. हफ्ते को फिर मार पड़ा तो चिल्लाती. तुम लोगां क्या करे? धूल बंद नहीं करे. उसका चिल्लानाच बंद कर दिये."

खाटेवर पडल्या पडल्या मारुतीला वाहिलेले सात हार मला एकेक करून आठवले.

खाटेवरचे दिवस

तीन आठवडे होतो. ज्यांना पुढे जावं लागेल त्यांच्यासाठी सांगतो, घाबरायचं काही नाही. पहाटे काचेची नळी तोंडात, मग दूध, मग कंपाउंडर एका किटलीतून वाफ घ्यायला लावायचा. डोक्यावर चादर, खाली किटली. पहिल्या दिवशी वाटलं, आता आपण शिजलो. चौथ्या दिवशी त्या वाफेत घटकाभर पुरता श्वास आला, आणि मला रडू आलं. चादरीत होतो म्हणून कुणी पाहिलं नाही. चादरीचा हा दुसरा गुण.

शेजारच्या खाटेवर पाय मोडलेले एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांना मी श्वास पुरेल तेवढीच गोष्ट सांगायचो: एका दमात तीन शब्द. पैलवानाला कुस्ती जिंकायला दोन दिवस लागले. ते म्हणायचे, "तू बरा होऊ नकोस, अशीच सांगत जा, ऐकायला सोपी जाते."

कौसा रोज संध्याकाळी घरी जाऊन, अंग धुऊन भाकरी घेऊन यायची. एका संध्याकाळी ती जिनातून थेट येऊन दारात उभी राहिली आणि मी तिला ओळखलंच नाही. केस पांढरे, भुवया पांढऱ्या. मला वाटलं कुणाची तरी म्हातारी आई आली. सगळ्या डोक्यावर रुई बसलेली. मी तिला रोज जिनात पाहत होतो, पण तिथे आम्ही सगळेच पांढरे. वेगळं दिसायला स्वच्छ भिंतीची खोली लागली. ती खाटेजवळ आली, भाकरी सोडली, आणि खोकली. कोरडं, छातीतून, माझ्यासारखं.

"कधीपासून हाय हे?" मी विचारलं.

"तुम्ही पैलवानाची गोष्ट सांगितली त्याच्या आधीपासून."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही थांबले कुठं?"

त्या दिवसापासून माझा आजार मला लहान वाटायला लागला. मी तर खाटेवर होतो. वीस मशिनींवर बाया होत्या, कौसा होती, आणि त्यांच्या छातीला आठवड्यातला एक दिवसही आता मोकळा नव्हता. तो दिवस मी बोलून घालवला होता. तो परत बोलूनच आणायला हवा होता, आणि आता माझ्यात बोलायलाच दम नव्हता.

खरं सांगायची पंचाईत

महिनाभर जांबला थोरल्या बहिणीकडे राहिलो. शेतात हिंडलो, पुष्कळ खाल्लं. तिथे मी आठ-आठ दिवस नुसता बसलो आणि नवव्या दिवशी ताप आला नाही, तेव्हा डॉक्टरांचं म्हणणं मला माझ्याच अंगावर पटलं. जिनात परतलो आणि लिंबाखाली सगळ्यांना बसवून सांगितलं: सुट्टी बाधत नाही, धूळ बाधते. ते नवं मशीन कपाशीतला सगळा कचरा हवेत उडवतं आणि रुई उडून जाऊ नये म्हणून आपण खिडक्या बंद ठेवतो. ती सगळी आपल्या छातीत जाते.

बाया हसायला लागल्या. त्यातली एक, जिभेनं तिखट, म्हणाली, "जमादार, आधी म्हणलात शनी. मंग म्हणलात सुट्टी. आता धूळ. उद्या म्हणाल कौसाबाईची भाकर."

"घनसावंगीच्या पैलवानाला पण धूळच लागली व्हती का?" दुसरी म्हणाली.

आयुष्यभर मी थापा मारल्या आणि लोकांनी आवडीनं ऐकल्या. एकदाच खरं बोललो तर त्यांना ती जरा कमी रंगलेली थाप वाटली.

साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "गणपत, तुझा पहिला शब्द खरा होता. सुट्टी बंद केली आणि शनिवारचा ताप गेला. गेला की न्हाई?"

"गेला."

"मग?"

माझीच थाप माझ्यासमोर साक्ष द्यायला उभी होती.

मी इंजनाच्या खोलीत जाऊन रहीमचाचाजवळ बसलो. चाचा साठीचा, दाढी मेंदीनं लाल, सुट्टी गेल्यापासून माझ्याशी बोलत नव्हता. मी सगळं सांगितलं. त्यानं तेलाच्या चिंधीनं हात पुसले आणि म्हणाला, "मैं तो पहलेच बोला था, जुम्मा छोड़े तो बरकत नहीं रहती. तू सुना?"

"चाचा, एकदा जीन चार दिवस बंद राह्यलं पाहिजे. मंग चालू झाल्यावर ताप येतो का ते साहेबांना डोळ्यानं दिसंल."

चाचा इंजनाकडे पाहत म्हणाला, "ये भी जानदार है. इसको भी आराम होना."

दोन दिवसांनी इंजनाचं एक बेअरिंग तापलं. कसं तापलं ते मला माहीत नाही, आणि चाचा अल्लाला घाबरणारा माणूस आहे, त्याला विचारणं बरं नव्हे. नवं बेअरिंग हैदराबादेहून यायला चार दिवस लागले.

मी पुन्हा साहेबांच्या पुढे उभा राहिलो. "साहेब, इंजन चालू होईल त्या दिवशी तुमची खुर्ची आत टाका. सकाळपासून बसा. दुपार कलली की कोण खोकतं ते बघा. आवारातले गाडीवान खोकणार न्हाईत, चाचा खोकणार न्हाई. आतले खोकतील. मी खोटा पडलो तर गावभर फिरून सांगीन की मी खोटारडा आहे."

"ते गावाला ठाऊक आहे," साहेब म्हणाले. पण खुर्ची टाकली. माझ्यापुढे माघार घेतली असं त्यांना दिसू द्यायचं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी मी कौसाला म्हणालो, "उद्या तू नको जाऊस. उद्या त्रास व्हणार हाय."

ती म्हणाली, "रोजच खाऊन राह्यलो ती धूळ. एक दिवस साहेबाला दाखवून खाऊ."

खुर्ची

डॉक्टरांनी मला आत बसायची मनाई केली होती. मी नाकाला ओलं फडकं बांधून दारात उभा राहिलो. साहेब मधोमध खुर्चीवर, पांढराशुभ्र कोट, काळी टोपी. सकाळी काही नाही. जेवणापर्यंत काही नाही. साहेब माझ्याकडे पाहून हसले. मी फडक्याच्या आत घामेजलो. जन्मात मी पुष्कळ पैजा मारल्या, पण त्यात हरलो तर नुकसान फक्त माझंच असायचं.

दुपार कलली. टोपी आता कोटाच्या रंगाची झाली होती. तिसऱ्या मशिनीवरून एक खोकला आला. मग सातव्या. मग पलीकडच्या रांगेतून. इंजनाच्या आवाजात खोकला ऐकू येत नाही, पण दिसतो: पाठी वाकायला लागतात. एकेक पाठ वाकत गेली. पैलवानाचं विचारणारी ती बाई मशीन धरून उभी होती. कौसा खाली बसली, उठली, पुन्हा बसली. मी आत पाऊल टाकलं. डॉक्टरांची मनाई गेली खड्ड्यात.

तेवढ्यात साहेब उठले. त्यांना इंजन बंद करायला सांगायचं होतं. हात वर केला, तोंड उघडलं, आणि खोकला आला. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा खोकला. डोळ्यांना पाणी, चेहरा लाल, आवाज नाही.

मी जवळ जाऊन त्यांच्या कानाशी म्हणालो, "जोरात बोला साहेब. ऐकू येऊन न्हाई राह्यलं."

मग मीच पळत जाऊन चाचाला खूण केली. एवढं धावल्यावर मलाच अर्धा तास बोलता आलं नाही, म्हणून त्या दिवशी मी विजयाचं भाषण केलं नाही. लोक म्हणतात, त्यामुळेच सगळं नीट पार पडलं.

काय बदललं

ते झोडपायचं मशीन जिनातून काढून आवाराच्या टोकाला पत्र्याच्या छपराखाली नेलं. दोन्ही भिंतींना वर झरोके पाडले, त्यांना बारीक जाळी लावली. रुई अडते, धूळ जाते. एका झरोक्यात पंखा बसवला, आणि तो हवा बाहेर फेकतो की आत ढकलतो हे मी स्वतः हातात रुईचा पुंजका धरून पाहिलं. झाडलोट आता पाणी शिंपडून, आणि बाया घरी गेल्यावर. प्रत्येकीला नाकाला बांधायला दोन फडकी, एक अंगावर, एक वाळत. ज्याला ताप येईल त्याला आवारात काम, घरी पाठवणं नाही. आता ताप येतच नाही असं मी म्हणणार नाही. मला तसं म्हणायची फार इच्छा होते आहे. कमी येतो. कौसाचा खोकला पुष्कळ उतरला. माझा गळा मात्र गेला तो गेला. मी आता लोखंडी पट्टीवर हातोडी मारून बायांना बोलावतो. मालगाडी जागची हलत नाही.

तुमच्या गावात उद्या काही नवं मशीन येईल. तेलाचं येईल, पिठाचं येईल, आणखी कशाचं येईल. त्याच्या मालकाला सगळे विचारतील, हे दिवसाला किती काम करतं. तुम्ही दुसरं विचारा: हे बाहेर काय टाकतं, आणि ते कुणाच्या नाकात जातं. आणि अंगाला काही झालं तर वार लिहून ठेवा. डॉक्टरांना माझ्या नाडीपेक्षा माझा वार जास्त उपयोगी पडला. पण वारावरून अर्थ तुमचा तुम्ही काढू नका. मी दोनदा काढला.

जुम्म्याची सुट्टी परत मिळाली. पहिल्याच जुम्म्याला मी अंगणात बाज टाकून बसलो. गल्लीतले चारजण येऊन बसले, मी त्यांना खुर्चीची गोष्ट सांगितली. तोवर माझ्या गोष्टीतली साहेबांची टोपी रुईनं एवढी फुगली होती की ती उचलायला दोन माणसं लागली. सगळे गेले. कौसा दगडावर नाकाची फडकी धूत बसली होती.

मी म्हणालो, "बघितलंस? माझ्या एका शब्दानं सगळ्या जिनाला सुट्टी मिळाली."

तिनं फडकं पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं.

"गेल्ती बी तुमच्याच शब्दानं," ती म्हणाली.